शाईचं खरं नाव

२ मार्च, सोमवार

आणली! शेवटी आणलीच. आणि आता स्वयंपाकघराच्या दारात भिंतीकडे तोंड करून बसलीय, जशी काही मीच तिला पळवून आणलीय.

भोपळ्याला जाऊन सात आठवडे झाले. सात आठवडे मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते — आता पुन्हा कुत्रा नाही! तेरा वर्षं तो लाँड्रीच्या काउंटरखाली घोरत पडायचा. गिऱ्हाइकं आधी त्याला हाक मारायची, मग मला. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचं डोकं माझ्या हातात होतं. पुन्हा हे सगळं अंगावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा ताई फोनवर म्हणाली, "अगं, तू हल्ली मशीनशी बोलतेस." खरंच बोलते. म्हणून गेले.

निवाऱ्यात तीसेक कुत्री होती. सगळी जाळीवर पंजे आपटत, भुंकून कान किटवत होती. ही एकटी मागच्या कोपऱ्यात. काळीभोर, तोंडाभोवती पिकलेली, सात-आठ वर्षांची. हमरस्त्याच्या कडेला सापडली म्हणे, गळ्यात दोरीचा तुकडा — चावून तोडलेला. निवाऱ्यातली बाई म्हणाली, "तीन आठवडे झाले, कोणी विचारायला आलं नाही." मग कागद पुढे केला. सापडल्या दिवसापासून तीन महिन्यांत मूळ मालक आला, तर कुत्री परत द्यायची. म्हणजे दहा मेपर्यंत. केली सही. कोण येतंय आता! यायचं असतं तर एवढ्यात आलं असतं.

३ मार्च

जेवली नाही. पाणीसुद्धा मी खोलीबाहेर गेल्यावर प्यायली. असू दे बाई, मलाही घाई नाही.

५ मार्च, गुरुवार

आज दुकानात नेली. इस्त्रीवाल्या काकांनी नाव विचारलं. तोवर ठरवलंच नव्हतं. ती पांढऱ्या फरशीवर पसरली होती, काळा थेंब सांडल्यासारखी. मी म्हटलं, शाई. काका इस्त्री उभी ठेवून हसत सुटले. "पोरी, लाँड्रीत शाई? तुझे बाबा असते तर दोघींना बाहेर काढलं असतं!" बाबांचा निम्मा जन्म लोकांच्या खिशातले शाईचे डाग काढण्यात गेला.

भोपळ्याच्या जागेवर नाही बसली. टोपल्यांच्या मागे जाऊन बसली. मला बरंही वाटलं आणि वाईटही. दुपारी उकडलेलं अंडं कुस्करून हातावर धरलं. बराच वेळ नुसती बघत राहिली, मग मान लांब करून खाल्लं आणि हात चाटला. मी मशीनमागे जाऊन ढसाढसा रडले. बावन्न वर्षांची बाई! काकांना कळलं असणार. उगाच मोठ्याने खाकरत होते.

८ मार्च, रविवार

पायात पायात करते. संडासच्या दाराबाहेरसुद्धा बसून राहते. खांद्यावर टॉवेल टाकला की तिला वाटतं, निघाले मी तिला सोडून.

भोपळ्या, रागावू नकोस रे. तुझी थाळी तिला दिली नाही, नवी आणली.

कॅलेंडरवर दहा मेला खूण केली. तोवर कोणी येऊ नये. बास, दुसरं काही मागत नाही मी.

११ मार्च, बुधवार

नवं गिऱ्हाईक. चाळिशीचा, कडक घडीचा शर्ट, बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. "मॅडम, तुमचं फार नाव ऐकलंय." कोणाकडून ऐकलं कोण जाणे. मागच्या गल्लीत पिवळं फाटक आहे ना, तिथे राहतो. मावशीचे कपडे घेऊन आला होता. ती अंथरुणाला खिळलीय, घरचं मशीन बिघडलंय, धुणंवाली सोडून गेली. चादरी, उशीचे अभ्रे, पाच पांढरे गाउन. काका तो गेल्यावर म्हणाले, "गोडबोल्या आहे." तेच नाव पडलं.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. तो पायरी चढला आणि शाई उठली. भुंकली नाही, गुरगुरली नाही. पोट जमिनीला घासत मोठ्या मशीनखाली शिरली आणि तिथेच मुतली. त्याला ती दिसली नाही. तो गेला तशी बाहेर आली, थेट त्या गाठोड्यावर चढली, नाक खुपसून बसली. हाकलली तरी हलेना. विव्हळत होती, अगदी बारीक आवाजात.

असेल. आजारी माणसाच्या कपड्यांना वास येतो, कुत्र्यांना कुतूहल असतं.

गाठोडं सोडलं तर आतल्या गाउनवर काळे केस. शाईचेच लागले असणार, म्हटलं. पण ते आतल्या घडीत होते. गाठ तर मीच सोडली.

केस ब्रशने काढले आणि गाउन मशीनला लावले.

१२ मार्च

काकांना विचारणार होते, पिवळ्या फाटकात कोण राहायचं. नाही विचारलं. कपडे टाकताना कोण कुठे राहतं, याच्याशी आपल्याला काय करायचंय?

१६ मार्च, सोमवार

कपडे न्यायला आला. या वेळी शाई काउंटरखाली होती, पळायला जागाच नव्हती. त्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती एवढी थरथरत होती की काउंटरवरच्या टाचण्यांची डबी वाजत होती.

"अरे वा! नवीन पाहुणी वाटतं?"

मी म्हटलं, निवाऱ्यातून आणली.

"छान केलंत. आमच्याकडेही होती एक, अगदी अशीच. पळाली." माझ्याकडे बघून हसला. "मावशीला भारी लळा होता. सारखी विचारत असते. सांगतो तिला, लाँड्रीवाल्या मॅडमकडे अशीच एक आहे, मजेत आहे. तेवढाच जिवाला आराम. सांभाळा हो नीट."

म्हणजे त्याला कळलं. आणि त्याला ती नकोय! मला काय झालं ते खरं खरं लिहिते. मला हायसं वाटलं. मीही हसले. त्या माणसाकडे बघून, ती खाली पायाशी थरथरत असताना, मी हसले.

दोरी त्यानेच बांधली असणार.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी फिरवायला नेलं तर पट्टा ओढून मागच्या गल्लीत नेलंन. माझं काही चालेना, खांदा निखळायची वेळ आली. पिवळ्या फाटकासमोर जाऊन उभी. मान वर, वरच्या मजल्याच्या खिडकीकडे. शेपूट हलवत होती. माझ्याकडे आल्यापासून तिने एकदाही शेपूट हलवली नव्हती! मला वाटत होतं, म्हातारपणी हलवत नसतील.

खिडकीचा पडदा सरकला. हात होता की काय, नीट दिसलं नाही. मी पाहिलंच नाही नीट. तिला उचलून घेतलं — सतरा किलोची कुत्री, या वयात! — आणि घरी आले.

उद्यापासून पुढच्या रस्त्याने.

२३ मार्च, सोमवार

दुसरं गाठोडं आलं. काका दुपारी घरी जातात, मीच उघडलं.

बाबांचा नियम होता — डाग काढायचा, डागाची चौकशी करायची नाही. लोक आपल्याला सगळ्यात लाजेच्या वस्तू आणून देतात, ते आपण विचारत नाही म्हणून. चाळीस वर्षं हे दुकान त्यावर चाललंय. पण विचारलं नाही म्हणून दिसायचं थांबत नाही ना. ओल्याचा डाग एका कडेचा असतो. या चादरींवर कडेत कड, कडेत कड, कापलेल्या कांद्यासारख्या. म्हणजे ओलं झालं, तसंच वाळलं, त्यावर पुन्हा ओलं. आणि मध्ये, कमरेखाली येईल तिथे, पिवळट लाल, चिकट. आईचं मी दोन वर्षं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. मला ताप आला तेव्हा दोनच दिवस दुसऱ्यावर सोपवलं, तेवढ्यात तिच्या पाठीला जखम झाली होती. हा डाग मी झोपेतसुद्धा ओळखेन.

गाउनच्या खिशात औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, दुमडलेला. पेन्सिलीचं अक्षर, थरथरतं पण वळणदार.

"लाँड्रीवाल्या बाईंना, तुमच्याकडची काळी कुत्री माझी आहे. तिचं नाव ठमी."

एवढंच वाचलं. घडीच्या खाली अजून होतं, पाच-सहा ओळी तरी. मी घडी उघडली नाही. उघडली असती तर तिने काय मागितलंय ते कळलं असतं, आणि कळल्यावर द्यावं लागलं असतं.

खिशातलं गिऱ्हाइकाचं असतं. पाकिटात घालायचं, वर नंबर टाकायचा, कपड्यांबरोबर परत करायचं. सुतळीचा तोडासुद्धा ठेवून घ्यायचा नाही. मी तेच केलं. पाकीट नंबर ४१२, फळीवर. चोरी तर केली नाही मी!

२४ मार्च

आज दुकान बंद करून घरी आले. ती सतरंजीवर पडली होती. मी हळूच म्हटलं — ठमी.

ताडकन उठली. कान उभे, अंग सगळं शेपटीबरोबर हलायला लागलं. माझ्याकडे धावत आली — आणि माझ्या बाजूने पुढे गेली. दारामागे पाहिलं, कपाटामागे, बाथरूममध्ये. माझ्यामागून कोणीतरी येणार आहे अशी वाट बघत उभी राहिली. कितीतरी वेळ.

ते नाव मी पुन्हा घेणार नाही.

२५ मार्च, बुधवार

ताईला फोन. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, कुत्रीचा मालक सापडल्यासारखा वाटतोय. ती म्हणाली, "मग देऊन टाक. तुझं भोपळ्यासाठी जे झालं ते त्यांचं झालं असेल ना." मी भडकले. म्हटलं, तुला बोलायला काय जातंय, तुझं घर भरलेलं आहे! तिने फोन ठेवला. मी पण ठेवला असता, पण तिने आधी ठेवला.

डागांचं तिला सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?

ते पाकीट फळीवरून काढून घ्यायला हवं. गोडबोल्या शनिवारी येणार आहे. शुक्रवारी काढते, चिठ्ठी पूर्ण वाचते, मग काय ते बघू.

२७ मार्च, शुक्रवार

आजच आला! एक दिवस आधी. मी शाईला घेऊन बाहेर गेले होते — पुढच्या रस्त्याने, लांबून, मागची गल्ली चुकवून. परत आले तर फळी रिकामी.

"काका, ४१२?"

"नेलं की. टापटीप बांधून दिलं. खिशाचं पाकीट वर टाचून दिलंय, काळजी नको."

चाळीस वर्षं हा माणूस पाकीट टाचून देतोय. एकदासुद्धा विसरला नाही. त्याला मी काय बोलू? काका म्हणाले, "पोरी, घाम का आलाय एवढा?"

तिची चिठ्ठी त्याच्या हातात. मीच पोचवली.

आणि हेही लिहून टाकते, इथे नाही तर कुठे लिहू — क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. चिठ्ठी माझ्याकडे नाही. मी काही वाचलंच नाही. मग मोरीत जाऊन ओकले.

२८ मार्च

काही नाही. काम.

३१ मार्च, मंगळवार

रोज पायरीवर चाहूल लागली की मी उठते. शाई पण उठते. दोघी दाराकडे बघतो. दुसरंच कोणीतरी कोट घेऊन आलेलं असतं.

तिचं वजन वाढलंय. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मस्त सांभाळलंत. अशी माया मिळायला नशीब लागतं." मी तिथेच हुंदका दिला. त्यांना वाटलं, भोपळ्याची आठवण.

६ एप्रिल, सोमवार

आला. गाठोडं लहान. दोन आठवड्यांत एकच चादर. एकच! म्हणजे बदललीच नाही.

आणि गाउन. पाचही गाउनांचे खिसे शिवून बंद केलेत. पांढऱ्या कापडावर काळा दोरा, लांब लांब ओढलेले टाके. खिसे कापून नाही टाकले. शिवले. मला दिसावं म्हणून.

मी टाके बघत होते तेव्हा तो काउंटरवर कोपर टेकून उभा होता. "मावशीच्या खिशात कचरा साठतो हो, मॅडम. कागद, बोळे. तुम्हाला त्रास नको म्हटलं." मग खाली वाकला. शाई मशीनखाली होती, नुसते डोळे दिसत होते. "कशी आहे? निवाऱ्याचा नियम असतो ना — मालकाने मागितली तर परत द्यायची? पण मागायला कोणी यायला तर हवं. मी काही कोणाकडे बोलायला जात नाही. आपण आपलं काम करावं, तुम्ही तुमचं करा. खरं की नाही?"

काका इस्त्री फिरवत होते, त्यांना वाटलं गप्पा चालल्यात.

मी म्हटलं, "गुरुवारी तयार होतील."

ओठांना आपलं आपण बोलायची सवय असते.

७ एप्रिल

एका गाउनची बाही खांद्यापासून फाटलीय. ओढून फाटलेली. शिवून दिली. इतके बारीक टाके घातले की शोधून सापडणार नाहीत. का घातले एवढे बारीक, कोणासाठी?

पोलिसांना सांगायचं म्हटलं तर काय सांगू — चादर मळलीय? खिसे शिवलेत? आणि ते विचारतील, बाई, तुम्हाला संशय कधीपासून आला. मग चिठ्ठी निघेल. मग कुत्री निघेल.

तेहतीस दिवस राहिलेत दहा मेला. मी मोजतेय. एक बाई तिथे वर पडलीय आणि मी कुत्रीचे दिवस मोजतेय.

९ एप्रिल, गुरुवार

तो आला नाही. मग मीच कपडे पोचवायला निघाले. आजवर कोणाकडे पोचवले नाहीत. शाईला दुकानात बांधून गेले — खिडकीतून दिसू नये म्हणून. एवढी अक्कल चालली माझी, बरोबर त्याच ठिकाणी!

त्याने दार अर्धं उघडलं. हसला. "अहो, कशाला त्रास घेतलात?" मी म्हटलं, मावशींना बघून जाते, आलेच आहे तर. "मावशीला कालच नातेवाइकांकडे पाठवलं. हवापालट." त्याच्या खांद्यावरून जिना दिसत होता. वर दार. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप.

रिकाम्या खोलीला कुलूप कशाला लावतात?

आत वास होता. तो वास मी धुते, मला कोणी सांगायला नको. वरून काहीतरी जमिनीवर घासल्याचा आवाज आला, खुर्ची सरकवल्यासारखा. त्याने ऐकलं. मी ऐकलं. दोघांनी ऐकलं हे दोघांना कळलं. तो म्हणाला, "मांजर."

मी गाठोडं दिलं आणि निघाले. फाटकापर्यंत चालत, मग पळत.

शाई दुकानात पट्टा ताणून उभी होती. माझे हात हुंगत राहिली, हुंगत राहिली, सोडेना. मग खाली बसून माझ्याकडे बघायला लागली. तिच्याकडे बघवेना मला.

११ एप्रिल, शनिवार

तापाचं निमित्त करून घरी. ताप नाहीये.

१२ एप्रिल, रविवार

ताई न सांगता आली. अडीच तास गाडीत बसून. दारातच म्हणाली, "काकांचा फोन आला होता. म्हणाले, पोर खंगत चाललीय, मला काही सांगत नाही. बोल."

बोलले. सगळं. चादरी, चिठ्ठी, पाकीट, टाके, कुलूप. कुत्री तिच्या पायाशी बसली होती, तिच्यासमोर बोलायला लाज वाटत होती. संपल्यावर ताई म्हणाली, "आईची कूस बदलायला तू उठायचीस. मी नाही उठायची, तू उठायचीस. आणि तू…" तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिनेच फोन हातात दिला. "कर." मी म्हटलं, शाई जाईल गं. ती म्हणाली, "जाऊ दे."

केला फोन.

१३ एप्रिल, सोमवार

जिवंत आहे! जिवंत आहे!

पोलिसांनी कुलूप तोडलं. हवालदार स्वतः दुकानात सांगायला आले. दवाखान्यात नेलंय. पाठ फार वाईट आहे, अंगात पाणी उरलेलं नाही, पण बोलते. गोडबोल्याला धरून नेलं. म्हणे, घर नावावर करून देत नव्हती म्हणून तिला कोंडलं होतं. काकांनी चिठ्ठीचंही ऐकलं आणि स्टुलावर बसले. "मी टाचून दिलं गं ते," एवढंच म्हणत होते. मी त्यांचा हात धरला. सांगितलं, काका, तुमचं काही नाही, माझं आहे.

हवालदार म्हणाले, शुद्धीवर आल्यावर पहिलं तिने कुत्री विचारली. मी सांगितलं, आहे. माझ्याकडे आहे. आणते. डॉक्टरांनी परवानगी दिलीय — कुत्रीला खाली अंगणात आणा, पलंग खिडकीशी लावू. हवालदारांनी विचारलं, "आत्ता येता का? गाडी आहे बाहेर."

मी म्हटलं, उद्या आणते. तिला आंघोळ घालते, नीट करून आणते. अशी कशी न्यायची?

ताई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. आंघोळ परवाच घातलीय.

एक दिवस फक्त. एक दिवस तरी ती माझी असू दे. एवढं चुकलं, त्यात हे काय मोठं. उद्या सकाळी दहाला नेते आणि तिची तिला देते. खरंच देते.

संध्याकाळी अंडं दिलं. पोटावरून हात फिरवत बसले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पहिल्यांदाच.

१४ एप्रिल, मंगळवार

दवाखान्याच्या अंगणात दहाला पाच कमी असताना पोचलो. मी, ताई, शाई. ठमी. वर खिडकीशी पलंग लावलेला दिसत होता. रिकामा.

नर्स खाली आली. म्हणाली, मावशी पहाटे साडेपाचला गेली. काल संध्याकाळभर खिडकीकडे मान करून होती म्हणे. कोणी येणार आहे का, असं दोनदा विचारलं.

कुत्री मान वर करून उभीच. शेपूट हलवत. मी ओढत नाही म्हटलं. ताईने ओढली.

१५ एप्रिल

निवाऱ्यातल्या बाईचा फोन. पोलिसांकडून कळलं तिला. "मागायला आता कोणी नाही. कुत्री तुमचीच. कागद पाठवते." मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

ती भिंतीकडे तोंड करून बसलीय. अंडं तसंच आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

हवालदार चिठ्ठी घेऊन आले, तीच ना हे विचारायला. गोडबोल्याच्या शर्टाच्या खिशात सापडली. घडीखालच्या ओळी आज वाचल्या.

"परवा खिडकीतून पाहिली. तुमच्याकडे चांगली आहे. मी खोलीत बंद आहे, कोणाला तरी सांगून दार उघडवा. जमलंच तर तिला घेऊन रोज एकदा खिडकीखाली उभ्या राहा. घाबरू नका, ठमीला मी परत मागणार नाही. ती आता तुमची."